ल्युपसमध्ये चेहरा बदलतो, तेव्हा मनाचं काय करायचं?

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या २७ वर्षांच्या एका विवाहितेचा आहे. वर्षभरापूर्वी ल्युपसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजाराचं, निदान झालं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचं औषध सुरू आहे. रिपोर्ट सुधारले, सांधे मोकळे झाले, पण चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, गालांवर डाग राहिले, कंगव्यात केस येतात. लग्नकार्याला जाणं सोडलंय. मोबाइलमधले जुने फोटो बघितले की रडू येतं. घरचे म्हणतात, "जीव वाचला ना, मग दिसण्याचं काय एवढं?" चेहरा परत पहिल्यासारखा होईल का, गोळ्या थोड्या कमी केल्या तर चालेल का आणि हे असं मनाला लावून घेणं चुकीचं आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

उत्तर:

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची दोन्ही उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. नाही, चुकीचं नाही. तुमचा चेहरा तुमच्या संमतीशिवाय काही महिन्यांत बदलला. त्याचं दुःख होणं हा नखरा नाही आणि कृतघ्नपणाही नाही. घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. १९५० च्या दशकात ल्युपसचं निदान झाल्यावर चार-पाच वर्षांत जवळपास निम्मे रुग्ण दगावत असत. आज योग्य उपचार मिळाले तर पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून जास्त रुग्ण आपल्यात असतात. हा फरक घडवणाऱ्या औषधांमध्ये स्टिरॉइड आहेच. पण जीव वाचल्याचा आनंद आणि चेहरा हरवल्याचं दुःख एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतं. एकाने दुसरं खोडून निघत नाही.

मी सोलापुरात बरीच वर्षं संधिवात आणि ल्युपसचे रुग्ण बघते. ल्युपसच्या दर दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात, बहुतेकींचं वय १५ ते ४५ मधलं. म्हणजे कॉलेज, स्थळं बघणं, लग्न, बाळंतपण, नोकरी, हे सगळं ज्या वयात असतं त्याच वयात हा आजार येतो. एखाद्या मुलीने ओपीडीत सांधे, लघवी, ताप याबद्दल सगळं सांगावं आणि निघताना दाराशी थांबून "मॅडम, तोंड कधी उतरेल?" असं हळूच विचारावं, हे मी नेहमी बघते. खरं तर तिच्यासाठी तो पहिला प्रश्न असतो. लाजेने शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

तो न येण्याचा परिणाम गंभीर होतो, म्हणून आता तुमचा दुसरा प्रश्न. गोळ्या स्वतःहून कमी करू नका, बंद तर अजिबात नको. हे मी रागावून सांगत नाही. चेहऱ्यापायी गोळ्या गुपचूप सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांची तगमग मला कळते. पण काही आठवडे स्टिरॉइड घेतलं की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. बाहेरून येणारी गोळी एकदम थांबली तर शरीराजवळ काहीच उरत नाही. उलट्या, रक्तदाब उतरणं, गळून जाणं, गुंगी, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर जिवाला धोका. दुसरी गोष्ट, दबलेला ल्युपस परत उसळतो आणि पुष्कळदा मूत्रपिंडावर उसळतो, तोही काहीही न दुखता. लघवीत प्रथिनं जायला लागली हे आरशात दिसत नाही, तपासणीतच कळतं. आजार उसळला की डोस पुन्हा वाढवावा लागतो, म्हणजे जो चेहरा टाळायला गोळ्या सोडल्या तोच चेहरा आणखी काही महिने मुक्कामाला येतो.

पण "गोळ्या कमी करायच्या आहेत" ही तुमची इच्छा अगदी योग्य आहे, आणि ती डॉक्टरांचीही असायला हवी. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशींत ल्युपससाठी प्रेडनिसोलोनचा दीर्घकाळचा डोस रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवावा आणि शक्य होईल तेव्हा थांबवावा असं सांगितलं आहे. म्हणून तुम्ही थेट विचारा: "माझा डोस कमी करायचा प्लॅन काय आहे? त्यासाठी स्टिरॉइडला पर्याय ठरणारं दुसरं औषध जोडता येईल का?" अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट अशी औषधं त्याचसाठी असतात, कोणतं लागू पडेल हे तुमचा कोणता अवयव बाधित आहे आणि तुम्हाला मूल कधी हवं आहे यावर ठरतं. चेहऱ्याचा त्रास सहन होत नाही, हे डोस ठरवताना डॉक्टरांना माहीत असणं गरजेचं आहे. सांगितल्याशिवाय ते त्यांच्या हिशोबात येणार कसं?

आता पहिला प्रश्न, चेहऱ्याचा. गोलवा येतो तो चरबी चेहऱ्यावर, मानेमागे आणि पोटावर सरकल्यामुळे, थोडा मीठ-पाणी साठल्यामुळे. डोस उतरत ५ मिलिग्रॅमच्या आसपास आला की काही महिन्यांत गाल हळूहळू बसतात. हे बहुतेकींच्या बाबतीत होतं, पण आठवड्यात नाही. हनुवटीवर वाढलेली लव आणि मुरुमंही डोसबरोबर कमी होतात. मांड्या-पोटावरच्या जांभळ्या रेषा फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. आजार उसळल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी जे केस गळतात ते सहसा परत येतात. मात्र टाळूवर डिस्कॉइड प्रकारचा, म्हणजे नाण्यासारखा गोल, चट्टा पडून व्रण राहिला असेल तर त्या जागी केस येत नाहीत, म्हणून तसा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. गालावरचे काळे डाग फिकट व्हायला कित्येक महिने जातात. हे सगळं मी खरं तेवढंच सांगते आहे, कारण "दोन महिन्यांत सगळं ठीक होईल" असं ऐकलेली मुलगी तिसऱ्या महिन्यात आरशासमोर एकटी पडते आणि मग कुणावरच विश्वास ठेवत नाही.

डागांच्या बाबतीत सोलापूरचं ऊन हा स्वतंत्र विषय आहे. मार्चपासूनच पारा चढतो, मे महिन्यात कधी कधी ४३ च्या पुढेही जातो, आणि अतिनील किरणांनी ल्युपस फक्त त्वचेवर नाही, आतूनही भडकू शकतो. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरतील इतकं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. छत्री, लांब बाह्या, आणि दुपारची कामं सकाळी उरकणं. ढगाळ दिवशीही लावा, आणि काचेतूनही काही किरणं आत येतात हे लक्षात ठेवा. ऊन टाळल्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते तपासून घ्या.

आणि स्कार्फ. आपल्याकडे उन्हाळ्यात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी चेहरा बांधून फिरते, त्यामुळे रस्त्यावर तुम्ही वेगळ्या दिसत नाही. ही एक सोय आहे, घ्या तिचा फायदा. पण माझ्याकडे येणाऱ्या काहीजणी खोलीत आल्यावरही स्कार्फ सोडत नाहीत, संध्याकाळीही नाही, पाहुणे आले की घरातही नाही. तेव्हा तो उन्हासाठी राहिलेला नसतो. तुमचं तसं होतंय का, हे स्वतःला विचारून बघा.

मन खचण्याची कारणं एकात एक गुंतलेली असतात, आणि ती वेगळी केल्याशिवाय उपाय सापडत नाही. एक कारण आजार स्वतः. शरीरात दाह चालू असताना जी रसायनं रक्तात फिरतात ती मेंदूपर्यंत परिणाम करतात; उत्साह जातो, कशात लक्ष लागत नाही, थकवा झोपूनही जात नाही. फ्लू झाल्यावर दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटत नाही, ती अवस्था महिनोन्‌महिने चालली तर माणूस कसा होईल? दुसरं कारण गोळी. प्रेडनिसोलोनने झोप उडते, चिडचिड होते, उगाच रडू येतं, भूक पेटते. डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर असेल तर मनावरचे परिणाम जास्त दिसतात. म्हणूनच ही गोळी शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. तिसरं कारण तुमची परिस्थिती: नातेवाइकांची बोलणी, खर्च, पुढचं भविष्य. पुष्कळ मुली तिन्ही कारणांचा दोष स्वतःच्या स्वभावावर घेतात. "मीच कमजोर आहे." तुमच्या रडण्यातलं काही गोळीचं आहे, काही आजाराचं आहे, एवढं कळलं तरी थोडं हलकं वाटतं. हे मी अनेकींच्या चेहऱ्यावर बघितलंय.

घरातल्या बोलण्याबद्दल. सोलापुरात माणसं मायेनेही मोठ्याने बोलतात. "काय गं, लई सुजलीस की! काय खातीस?" हे वाक्य हळदीच्या मांडवात चार जणींसमोर येतं आणि त्यानंतर तुम्ही लग्नाला जाणंच सोडता. प्रत्येकीला पूर्ण आजार समजावून सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. एक छोटं उत्तर आधीच तयार ठेवा आणि घरी मोठ्याने म्हणून बघा. "औषधाची सूज आहे मावशी, डोस उतरला की जाईल. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणतंय?" विषय वळतो. याहून जास्त जवळच्या माणसांना मात्र जास्त सांगा. नवऱ्याला किंवा सासूबाईंना एकदा ओपीडीत घेऊन या. हा संसर्गाचा आजार नाही, तुमच्या ताटातलं खाल्ल्याने कुणाला होत नाही, तुमच्या वागण्याने झालेला नाही, कुणाची नजर लागलेली नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातलं वातावरण बदलतं. तुमच्या घरी तेलुगू बोलत असतील तर तेलुगू समजणाऱ्या नर्सला किंवा सहकाऱ्याला मध्ये बसवायला सांगा. मोठ्या माणसांना आपल्या भाषेत ऐकलेलं पटतं.

तेलुगू घरांतल्या काहीजणी मला समंथाचं उदाहरण देतात. अभिनेत्री समंथा रूथ प्रभू हिने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याला मायोसायटिस हा स्नायूंचा, ल्युपससारखाच प्रतिकारशक्ती उलटल्याने होणारा (ऑटोइम्यून) आजार झाल्याचं जाहीर केलं होतं. चेहऱ्यावर जिचं सगळं काम चालतं अशा बाईने हे उघडपणे सांगावं, याचा आमच्या रुग्णांना खरोखर आधार वाटला. पण "ती बघ परत कामाला लागली, तू का नुसती बसलीस" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. तिचा आजार वेगळा, तिच्या हाताशी असलेली मदत वेगळी.

हे सगळं फक्त चेहऱ्यापुरतं असतं असंही नाही. पूर्व भागातल्या कित्येक घरांत आई, सासू, मावशी विडी वळतात. तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. अशा बाईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात झाला की सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत, आणि तिच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेला जो धक्का बसतो तो आरशातून आलेला नसतो. "माझ्या हाताचा वेग गल्लीत कुणाला नव्हता," असं सांगताना त्यांचे डोळे भरतात. आपण कमावत्या होतो, आता मागून घेतो, ही ती जखम आहे. अशा वेळी मी बोटांच्या एक्स-रेइतकाच त्यांच्या दिवसाचा विचार करते: कोणतं काम सकाळी जड जातं, कोणतं दुपारी जमतं, दुसऱ्याला काय देता येईल, स्वतःकडे काय ठेवायचंच आहे. तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या मनात "मी" म्हणजे काय काय होतं? त्यातलं चेहऱ्यावर अवलंबून नसलेलं असं काय आहे, जे आजारपणात उगाचच सुटलं? एकीला शिवणकाम सुटलं होतं, एकीला भजनी मंडळ. डोस तसाच असताना, गाल तसेच असताना, त्या परत तिथे गेल्या आणि तिथून सावरायला लागल्या.

मानसोपचारात याच धर्तीवर काम चालतं. मन ठीक झाल्यावर बाहेर पडू, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात थोडं बाहेर पडल्याने मन ठीक व्हायला लागतं. म्हणून लग्नाला चार तास नको, अक्षता टाकून जेवून परत, एका तासाचं जाणं ठरवा, बरोबर एक समजूतदार माणूस घ्या. सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी ऊन उतरल्यावर एक चक्कर मारा. आरशाचंही तसंच. काहीजणी दिवसातून पन्नासदा बघतात, काहीजणी आरसा उलटा करून ठेवतात. दोन्हीने भीती वाढते. सकाळी केस विंचरताना एकदा, नेहमीसारखं बघायचं, गाल दाबून तपासायचे नाहीत, बाजूला व्हायचं. जुने फोटो डिलीट करू नका, पण रात्री झोप येत नसताना ते उघडणं बंद करा. त्या वेळी गोळीमुळे मन आधीच हळवं झालेलं असतं.

थकव्याला मान द्या. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी भरण्यातच तुमची ताकद संपते. मग त्याच दिवशी कपडे, साफसफाई आणि पाहुणे असं सगळं काढू नका. पाणी भरायला घरातल्या दुसऱ्या कुणालातरी लावा. भुकेचं म्हणाल तर भाकरी-भाजी पोटभर खा. शेंगाची चटणी, पापड, लोणचं मात्र बेताने, कारण मिठाने सूज वाढते आणि शेंगदाण्याने वजन.

नवऱ्याशी जवळीक हा विषय तुम्ही लिहिलेला नाही, पण तो पुष्कळदा न बोललेला असतो म्हणून लिहिते. आपण आवडत नाही असं गृहीत धरून बायका दूर होतात, आणि तिला त्रास होईल या भीतीने नवरा दूर होतो. दोघंही एकमेकांचा चुकीचा अर्थ काढत राहतात. थकवा, सांधेदुखी, कोरडेपणा यांवर उपाय आहेत; स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा. मूल होण्याचं म्हणाल तर ल्युपस असलेल्या अनेकींना निरोगी बाळं झालेली आहेत. आजार किमान सहा महिने शांत हवा, मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं आधीच बदलावी लागतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. घरातून "गोड बातमी"ची घाई सुरू असेल तर हे सगळं डॉक्टरांसमोर घरच्यांना ऐकू द्या.

आता उदासी की आजारपणाचा थकवा, हे ओळखायचं कसं? थकवा, झोप, भूक यांवरून कळणार नाही, कारण ते ल्युपसनेही होतं आणि गोळीनेही. मी दुसऱ्या खुणा बघते. आवडीच्या गोष्टीतही आता काहीच वाटत नाही. मी सगळ्यांवर ओझं आहे. माझ्यामुळे घर बुडालं. जगून काय करू. यातलं काही दोन आठवडे बहुतेक दिवस टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. आपल्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात या. उदासीवरची औषधं ल्युपसच्या औषधांबरोबर घेता येतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, कारण हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबरोबर उदासीवरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सिटालोप्राम किंवा एस्सिटालोप्राम, घ्यायच्या असतील तर ईसीजी बघावा लागू शकतो.

एक गोष्ट घरच्यांसाठी. डोस वाढवल्यावर पहिल्या दिवसांत किंवा आठवड्यांत रात्र-रात्र झोप नाही, अखंड बडबड, संशय, कानात आवाज, माणसं न ओळखणं किंवा फिट असं काही दिसलं तर ते स्टिरॉइडमुळे किंवा मेंदूपर्यंत पोचलेल्या ल्युपसमुळे असू शकतं. दोन्हींवर उपचार आहेत, पण वेळ महत्त्वाचा आहे. अंगात आलं म्हणून थांबू नका. तुळजापूरला, अक्कलकोटला नंतर सगळे मिळून जा. आधी रुग्णालय, त्याच दिवशी.

लग्नसराई जवळ आली आहे म्हणून दोन बारीक गोष्टी. डाग झाकायला चांगल्या प्रतीचा कन्सीलर किंवा फाउंडेशन वापरायला हरकत नाही, सनस्क्रीन सुकल्यावर त्यावर लावा. साधी पानांची मेंदी चालेल, पण काळी, झटपट रंगणारी मेंदी टाळा. त्यात मिसळलेल्या रसायनाची जोरदार अ‍ॅलर्जी येऊ शकते. गोरं करणारी, नाव-गाव नसलेली क्रीम लावू नका, त्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच असतं.

पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टच्या फाइलमध्ये एक कागद ठेवा. त्यावर गेल्या महिन्यात कुठे जाणं टाळलंत, किती रात्री झोप लागली नाही, गोळी चुकवली असेल तर कितीदा, हे लिहा. आणि खुर्चीत बसल्या बसल्या, सांध्यांबद्दल बोलायच्या आधी, तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.